बुडबुड्यांचा आवाज

२ फेब्रुवारी
धनाग्र, ऋणाग्र – डोक्याचं दही झालं. दहावीत मराठीतून शिकले, अ‍ॅनोड म्हणजे धनाग्र, पाठ. आता बी.एस्सी.ला रजत सर म्हणतात, विद्युत घटात अ‍ॅनोड ऋण असतो. शनिवारी सगळ्या वर्गापुढे याच विषयावर माझा सेमिनार. रडूच आलं.

३ फेब्रुवारी
दुपारी बाबांचा डबा घेऊन जाम गावातल्या त्यांच्या बॅटरीच्या दुकानात गेले. ते ट्रकची बॅटरी चार्जिंगला लावत होते. सहज विचारलं. वीस वर्षं बॅटऱ्या दुरुस्त करणारा दहावी नापास माणूस – म्हणाले, "गाडी स्टार्ट करतो तव्हा बॅटरी देते. चार्जिंगले लावली का घेते. प्लेटा त्याच, काम उलटं. नावं काऊन घोकून राह्यली? काम पाह्य."

बस! जिथे ऑक्सिडीकरण, तो अ‍ॅनोड. गाडी स्टार्ट करताना ऋण प्लेट, चार्जिंगला धन प्लेट. इतक्या दिवसांचा गुंता पाच मिनिटांत सुटला. असा बाप कुणाला मिळतो?

४ फेब्रुवारी
आज तर कमालच. कुणीतरी जुना चार्जर आणला, दोन्ही वायरी सारख्या, खुणा पुसलेल्या. बाबांनी ग्लासभर पाण्यात मीठ टाकलं, दोन्ही टोकं बुडवली आणि कान खाली नेला. "हे सुरसुरते, ते ऋण." हायड्रोजनचे बुडबुडे – आणि हा माणूस ते ऐकतो! मग दुसऱ्या वायरीला सुतळीची गाठ मारली. दुकानातल्या प्रत्येक धन वायरीला अशी गाठ आहे, ते बोटांनी चाचपून ओळखतात. दिवाळीपासून हे नवंच काढलंय, आई म्हणते. मीटर धूळ खात पडलाय. "कानाले सेल लागत नाई," म्हणे.

शनिवारी त्यांनाच नेणार. "तुह्या सरापुढं मी काय बोलू?" म्हणत होते. ऐकलं नाही मी.

७ फेब्रुवारी
जमलं! बाबा इस्त्रीच्या शर्टात. वर्ग एकदम चूप. कान ग्लासाशी, मग बोट एका वायरीवर – "हे ऋण." खात्री करायला सरांनी ऋण टोकाशी गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकले. बरोबर त्याच वायरीभोवती पाणी गर्द गुलाबी होत गेलं. टाळ्या थांबेचनात. सर म्हणाले, "प्रेमदासभाऊ, इतकं साफ तर आम्हीही शिकवत नाही."

बाबा हळूच मला विचारतात, "पोट्टे काऊन टाळ्या वाजवून राह्यले?" किती भोळा माणूस. मी हसले. येताना गाडीही मलाच चालवायला दिली. आज तुहा दिवस, म्हणाले.

८ फेब्रुवारी
सकाळी चहा देताना विचारलं, "बाबा, काल ग्लासातलं पाणी कोणत्या रंगाचं झालं होतं?"

त्यांचा हात कपाचा कान शोधत राहिला. मग म्हणाले, "पाण्याले कुठी रंग असते, माय."

उद्या दुकान बंद. मी त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात डोळे दाखवायला नेते आहे.