अनुक्रमांक चौदा बदलून मिळणेबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
अवसायन व जडवस्तू विभाग,
प्रादेशिक नोंदणी कचेरी, वेर्बोपिल.

विषय : 'त्सुकरोविक' बास्केटबॉल क्लबाच्या जडवस्तू नोंदवहीतील अनु. क्र. १४ ची वस्तू वगळून तिच्या जागी दुसरी वस्तू दाखल करणेबाबत.

संदर्भ : १) आपले दि. ९ सप्टेंबर २०२४ चे अंतिम स्मरणपत्र.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे अकरा अर्ज.

महोदय,

१. अर्जदार राइसा ह्नातिव्हना कुत्सेवोल, वय ६३, ही सदर क्लबाची एकोणचाळीस वर्षे कारकून होती व गेली दोन वर्षे अवसायक, म्हणजे क्लबाची मालमत्ता निकाली काढून तो बंद करणारी, आहे. मागील अर्ज 'मी, मला' अशा घरगुती भाषेत असल्याचा शेरा मारून आपण परत पाठवला. सबब हा अर्ज अर्जदार एखाद्या परक्या बाईविषयी लिहावे तसा लिहीत आहे.

२. क्लब साखर कारखान्याच्या कामगारांनी १९६८ साली काढला. त्सुकरोविक म्हणजे साखरवाले. पहिली बास्केट पिंपाच्या कड्याची होती व मैदान साखरेच्या बिटाच्या गोदामात होते. गाळपाच्या हंगामात जमीन इतकी चिकट होई की चेंडू गुडघ्याच्या वर उसळत नसे, आणि म्हणून आमच्या पोरांचे पास सबंध देशात नावाजलेले होते. परगावी सामना असला की प्रेक्षक साखरेच्या वड्या फेकत व ओरडत, "जा रे, चहात विरघळा!" आमचे खेळाडू त्या वड्या वेचून खात. २००७ साली क्लब अंतिम सामना एका गुणाने हरला. हरलेल्या संघाची स्टेशनापासून मिरवणूक काढणारे गाव आपल्या पाहण्यात दुसरे असल्यास अर्जदारास कळवावे.

३. पुढे कारखाना बंद पडला. मग क्लब आधी बँकेने, नंतर बिअरवाल्याने आणि शेवटी सॉसेजवाल्याने घेतला. प्रत्येकाला खेळाडूंच्या छातीवर आपलेच नाव हवे असे, म्हणून दर वेळी नवा क्लब नोंदला गेला. पण लीगमधली जागा जुन्या नावावर असल्याने जुना क्लब कोणी बंद केला नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत लढाई मोठी झाली, लीग थांबली आणि सॉसेजवाल्याचा क्लब एका दिवसात मिटला. त्याचे खेळाडू मोकळे झाले. मागे फक्त त्सुकरोविक उरला व त्यावर अवसायक म्हणून तिघांची नावे लागली. त्यांतले एक वारले व एक परदेशी गेले.

४. आता जी चूक झाली ती अर्जदाराची आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. नेस्तोर हालुश्को हा नऊ वर्षांचा असल्यापासून याच क्लबात वाढलेला खेळाडू. बाकीचे नव्या नावांवर गेले, तो जुन्याच नावावर राहिला. २०२१ साली मालकाच्या हिशेबनिसाने फर्मावले की खेळाडूवरचा हक्क हीसुद्धा मालमत्ता आहे, ती नोंदवा. कोणत्या वहीत ते त्याने सांगितले नाही. अर्जदाराजवळ जडवस्तू नोंदवही एकच होती. तिने गुणफलकाच्या खाली आणि चेंडूंच्या गाड्याच्या वर, अनु. क्र. १४ म्हणून नेस्तोरचे नाव लिहिले. 'कशापासून बनविले' हा रकाना कोरा ठेवला. 'सद्यस्थिती' या रकान्यात 'उत्तम' असे लिहिले. तसे कोणी सांगितले नव्हते. त्या मोसमात तो खरोखरच उत्तम खेळत होता, म्हणून लिहिले.

५. नेस्तोर आघाडीवर गेला व डावा पाय गुडघ्याखाली गमावून परत आला. आता तो चाकाच्या खुर्चीवरून खेळतो. दुसऱ्या शहरातील संघाने त्याची निवड केली असून त्यास २० ऑक्टोबरपूर्वी जुन्या क्लबाचा ना हरकत दाखला हवा आहे. दाखल्यावर क्लबाच्या अध्यक्षाची सही लागते, व अध्यक्ष नाही. अवसायकाची सही चालत नाही. क्लब बंद झाल्यास दाखलाच लागत नाही, परंतु वहीत एकही वस्तू शिल्लक असेपर्यंत क्लब बंद होत नाही. गुणफलक व गाडा शाळेला देऊन झाले. वहीत आता एकटा नेस्तोर आहे.

६. आपल्या सूचनेनुसार अनु. क्र. १४ चा लिलाव दोनदा पुकारला. पहिल्या वेळी कोणी आले नाही. दुसऱ्या वेळी नेस्तोर स्वतःच आला. आपले निरीक्षक श्री. श्पाक म्हणाले, "वस्तूला स्वतःवर बोली लावता येत नाही. उद्या टेबलंसुद्धा रांगेत येऊन उभी राहतील." नेस्तोर म्हणाला, "टेबलाला चार पाय आहेत साहेब, मला एक. माझा नंबर आधी लावा." श्री. श्पाक हसले, व शेऱ्यात 'बोलीदार अपात्र' असे लिहिले.

७. आता एकच मार्ग उरल्याचे आपण कळवले आहे, तो निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू निकामी ठरवून वहीतून काढण्याचा. 'वस्तू वापरास कायम अयोग्य' अशा छापील कागदावर अर्जदाराने सही करावी, की क्लब त्याच दिवशी बंद. श्री. श्पाक म्हणाले, "राइसा ह्नातिव्हना, एक सही करा आणि घरी जा. खोटं काय आहे त्यात?" परंतु त्या कागदाची प्रत नियमाप्रमाणे क्रीडा महासंघाकडे जाते, आणि एकदा अयोग्य ठरलेला खेळाडू खुर्चीवरूनही खेळू शकत नाही. श्री. श्पाक यांना हे ठाऊक आहे. अर्जदाराने विचारून घेतले.

८. नेस्तोरलाही ते ठाऊक आहे. तरी मागील मंगळवारी तो म्हणाला, "रायामावशी, कर सही. माझं मी बघेन. तू लेकीकडे जा, नात दोन वर्षांची झाली तुझी, अजून तोंड पाहिलं नाहीस." अर्जदाराची मुलगी पोलंडमध्ये आहे, व अवसायकाने दर मंगळवारी मालमत्तेसह हजर राहावे असा आपला नियम असल्याने अर्जदारास जाता आलेले नाही. त्या दिवशी अर्जदार त्याच्यावर ओरडली. मग घरी येऊन खूप रडली. हे अर्जात लिहू नये हे तिला समजते.

९. मी सही करणार नाही. अर्जदार असे लिहायला हवे होते, पण ही ओळ मी खोडणार नाही.

१०. सबब विनंती अशी की, अनु. क्र. १४ समोरील नाव खोडून तेथे राइसा कुत्सेवोल असे लिहिण्यास परवानगी मिळावी. वस्तू १९८३ पासून क्लबाच्या जागेत आहे. दोन्ही गुडघे गेलेले, डाव्या कानाने कमी ऐकू येते. तपासणी कोणत्याही मंगळवारी करता येईल व वापरास कायम अयोग्य असल्याच्या कागदावर मी त्याच दिवशी आनंदाने सही करीन. नेस्तोर वहीत राहणार नाही, म्हणजे तो कोणाच्याच मालकीचा नसेल, आणि त्यास कोणाच्या दाखल्याची गरज उरणार नाही.

११. निर्लेखित वस्तू आपल्या लेखी आदेशाशिवाय गावाबाहेर नेता येत नाही, हा नियम ४१ मी वाचला आहे. क्लब बंद करण्याच्या शेवटच्या कागदावर अवसायकाची सही लागते व निर्लेखित वस्तू अवसायक म्हणून काम करू शकत नाही, त्यामुळे क्लब कधीच बंद होणार नाही व तो आदेश मागायला कोणी उरणार नाही, हेही मी श्री. श्पाक यांच्याकडून समजून घेतले आहे. माझी हरकत नाही. निर्णय मात्र २० तारखेच्या आत व्हावा.

उत्तराची वाट पाहत, क्लबाच्या जागेतच,

आपली नम्र,
राइसा ह्नातिव्हना कुत्सेवोल
वेर्बोपिल, दि. ३ ऑक्टोबर २०२४

सोबत :
१) जडवस्तू नोंदवही, मूळ प्रत.
२) अर्जदाराच्या गुडघ्यांचे क्ष-किरण चित्र.
३) नेस्तोर हालुश्को यांचे संमतीपत्र जोडलेले नाही. त्यांना या अर्जाची कल्पना नाही, व आपल्या कचेरीने ती देऊ नये.