टाचेचा इलाज

६ जानेवारी
आजपासून रोजनिशी. वही कडब्याच्या गंजीत लपवायची, कुणाच्या बापाला सापडणार न्हाई. वय चौपन्न, मेंढरं नव्वद, तब्येत टकाटक. फक्त एक खातं दीड वर्षापासून संपावर. बायकोपुढं, सिंधूपुढं शरम वाटते, म्हणून राखणीच्या नावाखाली मेंढरांपाशी झोपतो. नांदेडात त्यावर शॉकवेव्हचं, म्हणजे लहरींचे धक्के देणारं मशीन आलंय. सुई न्हाई, ऑपरेशन न्हाई, सहा खेपा. शिवरात्रीपर्यंत मी नवा माणूस!

७ जानेवारी
पहिली खेप. नुसतं टक-टक-टक. डॉक्टरांनी विचारलं, शुगर आहे का? ठणकावून न्हाई म्हणालो. दिवसाला आठ कप गोड चहा पचवतो, शुगर असती तर पचला असता का? बायकोला सोबत आणा म्हणाले. काही गरज न्हाई. सिंधूला सांगून टाकलं, टाचेचा इलाज चालू आहे. डोकं लागतं याला.

२१ जानेवारी
तिसरी खेप. फरक शून्य, पण आतून काम होऊन राहिलं असणार. वारंगा फाट्यावर दोन चहा घेतले, ताकद पाहिजे.
गावात नवीनच तकलीफ. यांची टाच मशीननं बरी होऊन राहिली, असं सिंधूनं साऱ्या साखरा गावात सांगितलं. मेंढरांमागं रानोरान हिंडणारी माणसं आमी, धड टाच आहे कुणाची? शेजारचा तातेराव पत्ता मागून राहिला. मी म्हणालो, डॉक्टर परदेशी गेले. मग दर मंगळवारी तुमी कुणाकडं जाता, म्हणाला. मी लंगडत सटकलो. तेही चुकीच्या पायानं.

४ फेब्रुवारी, दुपारी
मेंढरांना लस होती, खेप बुडाली. घरी आलो तर कुलूप. तातेराव म्हणाला, वहिनी तुमची फाईल घेऊन नांदेडला गेल्या. काहून? तर सहा महिन्यांपासून तिचीच टाच ठणकते. मला कुठं माहीत!

संध्याकाळी ७
आली. इथं टाचेचं काही न्हाई, असं दवाखान्यात सांगितलं म्हणे. कशाचं आहे ते भिंतीवर मोठ्या अक्षरात होतं.
हसली असती तर परवडलं असतं. म्हणाली, दीड वर्ष मला वाटून राहिलं, तुमचं मन माझ्यावरून उडालं. मशीनला सांगितलं, मला सांगायला तोंड नव्हतं व्हय? अन् रडली. माझी मान वर होईना. मल्हारी, तू गाढव आहेस. हे मी शुद्धीत लिहून राहिलो.

११ फेब्रुवारी
सिंधूला सोबत नेलं. रक्त तपासलं. शुगर तीनशे दहा. डॉक्टर म्हणाले, सारं या शुगरमुळंच; मशीन बंद, आधी ही खाली आणा. सिंधूनं तिथंच माझी तंबाखूची डबी जप्त केली. गोड चहा कायमचा गेला.
तिला हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांच्याकडं बी शॉकवेव्हच! तिची टाच पहिल्याच खेपेत हलकी झाली. स्टँडपर्यंत ती झपाझप पुढं, मी मागं.
एसटीत म्हणाली, आजपासून घरात झोपा. माझी छाती फुगली. मग म्हणाली, पण घोरलात तर परत मेंढरांत धाडीन.