पेन्सिलीतली हुज्जत

रविवार संध्याकाळ, नल्लकुंटा

साठच्या दशकातल्या त्या इंग्रज ब्लूज गिटारवाल्यांची रेकॉर्ड आज पुन्हा लावली. आतल्या कागदी पाकिटावर माझा दोस्त सलीमचं पेन्सिलीतलं मत: "गिटार बहुत बोलती, गानेवाले को बोलने नै देती." त्याखाली आमची चाळीस वर्षांची हुज्जत. नियमच होता, मत लिहिलं की रेकॉर्ड दुसऱ्याच्या घरी पोचवायची.

दुसरी बाजू ऐकताना वाटलं, गिटार खरंच फार बोलते. मग मी एवढा का भांडत राहिलो? कबूल केलं असतं तर येणंजाणं थांबलं असतं म्हणून?

पेन्सिलीने लिहिलं, "सलीम, तुझंच खरं." रेकॉर्ड पिशवीत घातली, चप्पल घातली आणि विद्यानगरला त्याच्या घरी निघालो.

जिना उतरल्यावर आठवलं, सलीमला जाऊन वर्ष होत आलं.