बंगल्यातले बटण आणि नत्थूजींचा दुपट्टा

दिनांक : २ मार्च १९७४

प्रति,
मा. कारखाने निरीक्षक साहेब,
नागपूर.

अर्जदार : नत्थूजी सदोबा वैरागडे, मिस्त्री, डोरले डाळ मिल, कामठी रोड.

विषय : मिलचे यंत्र मालकांच्या बंगल्यातून चालू करण्याचे बटण काढून टाकण्याबाबत.

संदर्भ : मालकांनी अर्जदारास दिलेली नोटीस, दि. २५ फेब्रुवारी.

महोदय,

१. सदर मिलमधील डाळ भरडायचे रोळ, पट्टे व चाळण्या यांची दुरुस्ती अर्जदाराकडे आहे. तेथील जुना रिवाज असा की, यंत्रात हात घालायचा तर आधी खांद्यावरचा दुपट्टा यंत्राच्या बटणावर टांगायचा, आणि ज्याने टांगला त्यानेच काढायचा. दुसऱ्याच्या दुपट्ट्याला हात लावणे हे त्याच्या ताटातला घास उचलण्यापेक्षा वाईट समजतात. या फडक्याच्या भरवशावर आजवर सर्वांची बोटे शाबूत राहिली. मेन स्विच काढावा म्हटले, तर त्या पेटीला मालकांचे कुलूप असते.

२. गेल्या उन्हाळ्यात मालक श्री. चंपतराव डोरले यांनी अंगणापलीकडच्या बंगल्यापर्यंत तार ओढून बैठकीत दुसरे चालू-बंद बटण बसवले. त्याचे फायदे अर्जदार नाकारत नाही, खोटे कशाला बोलावे. मालकांचे गुडघे धरलेले, आणि मे महिन्यात भर दुपारी ते अंगण ओलांडणे तरण्यालाही जड जाते. एकदा पोत्यांनी पेट घेतला तेव्हा माडीवरून धूर पाहून बाईसाहेबांनी खाली बैठकीतूनच यंत्र बंद केले व मिल वाचली. तथापि बंगल्यातून मिलची फक्त भिंत दिसते. आत कोणाचा हात कुठे आहे ते दिसत नाही.

३. अर्जदाराने ही अडचण मांडली, तेव्हा मालक म्हणाले, "मंग तुमचा दुपट्टा इथं आणून टांगत जा ना गा, मले काय त्याचं." तेव्हापासून यंत्र अडकले की अर्जदाराच्या हाताखालचा देवराव आपला दुपट्टा मिलमधल्या बटणावर टांगतो आणि अर्जदार अंगण ओलांडून बंगल्यात जातो. पायरीखाली वहाणा काढायच्या, गालिच्याला पाय न लावता कडेकडेने जायचे, आणि देवीच्या तसबिरीखालच्या बटणावर घामातेलाचा दुपट्टा टांगून परत यायचे. कामगार हसत. अर्जदारालाही लाज वाटे, पण लाजेने बोटे तुटत नाहीत.

४. दि. १८ फेब्रुवारी रोजी पोत्याची सुतळी रोळात अशी गुंतली की काढायला दोन तास लागावेत. अर्जदाराने नेहमीप्रमाणे बंगल्यात दुपट्टा टांगला व परत येऊन देवरावला सुतळी काढण्यास सांगितले. त्याच दिवशी मालकांच्या मुलीला पाहायला उमरेडचे पाहुणे यायचे होते. बैठक झाडूनपुसून लख्ख, आणि त्यात हा दुपट्टा. बाईसाहेब प्रमोदिनीबाई मोलकरीण रुखमाबाईला म्हणाल्या, "किती घाण वास येऊन राहिला वं याचा. धुऊन टाक त्याले." रुखमाबाईने धुतला, आणि नंतर रडत येऊन तिनेच हे अर्जदारास सांगितले. तिचा दोष अर्जदार धरत नाही. पुढे पाहुणे आले, चहा झाला, आणि मालकांनी त्यांना गंमत दाखवली, "पाहा, इथं दाबलं का तिथं मिल चालू." बटणावर काही नव्हते, त्यांनी दाबले. पाहुणे खूश झाले. बैठकीत यंत्राचा आवाज पोचला, देवरावचा पोचला नाही.

५. देवरावच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. तिकडे सोयरीक जमली. दुसऱ्या दिवशी मिलमध्ये पेढे वाटले. एक पेढा इस्पितळात देवरावलाही पाठवला, तो त्याने डाव्या हाताने घेतला. त्याच संध्याकाळी बंगल्यातून अर्जदाराचा दुपट्टा परत आला, खळ घातलेला, इस्त्री करून घडी घातलेला. नवा असतानाही तो इतका स्वच्छ नव्हता. हे लिहिताना अर्जदारास किळस येते, आणि ती सरकारी भाषेत सांगता येत नाही. त्यावर आता नोटीस : "आपला दुपट्टा बटणावर राहील याची दक्षता आपण का घेतली नाही, याचा खुलासा करावा." चोराला सोडून संन्याशाला सुळी, ती हीच.

६. तरी खुलासा असा. दुपट्ट्याच्या राखणीला अर्जदार बैठकीत बसला, तर रोळात हात कोणी घालावा? की अर्जदाराने हात तेवढा बंगल्यात ठेवून उरलेल्या अंगाने मिलमध्ये जावे? गालिचा खराब होणार नसेल तर मालकांनी तसे लेखी कळवावे.

७. सबब विनंती की, यंत्र बंद करण्याचे बटण बंगल्यात खुशाल राहू द्यावे, ते उपयोगाचे आहे. चालू करण्याचे मात्र तेथून काढण्याचा हुकूम व्हावा. सोमवारपासून रोळ पुन्हा लावायचा आहे, आणि देवरावच्या जागी आत हात घालायला दुसरा कोणी तयार नाही. म्हणून तो हात अर्जदाराचाच असेल.

८. साहेब पाहणीस येतील तेव्हा मालक त्यांना बंगल्यावर चहाला नेतील. साहेबांनी जरूर जावे. फक्त मिस्त्री मिलमध्ये काम करीत आहे असे कळले, तर अर्जदार स्वतः येऊन सांगेपर्यंत त्या बटणासमोरून उठू नये.

आपला नम्र, आणि अजून दहा बोटांचा,

(सही)
नत्थूजी सदोबा वैरागडे

सोबत :
१) नोटिशीची नक्कल.
२) दुपट्टा, नग एक, धुतलेला. तो परत पाठवू नये.