द्राक्षावर उमटलेलं बोट

एडिनबरा, १० मार्च १९९०

ती. वैजूआत्यास,
सुप्रभाचा शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी तुला चुकीचं लिहिलं. स्टुडिओत दुरुस्तीला आलेल्या त्या जुन्या अमेरिकन चित्रातल्या द्राक्षांवर दीडशे वर्षांची धूळ बसली आहे, आणि एका द्राक्षावर कुणीतरी ती पुसून पाहिली आहे, असं म्हटलं होतं. धूळ नाहीच ती. काल दुकानात पेटीतून नुकताच काढलेला काळ्या द्राक्षांचा घड पाहिला. त्यावर तस्साच पांढुरका थर होता, फळाचा स्वतःचा. बोट लागलं तिथला निघाला आणि साल चमकली. धावत स्टुडिओत गेले. आत्या, तो थर चित्रकाराने रंगवलाय! तो पुसलेला ठिपकासुद्धा! कुणीतरी घड उचलला, बोट लागलं, आणि चित्रकाराने तेवढंही सोडलं नाही. मी नुसती बघत बसले.

पण धूळ आहे असं आमच्या स्टुडिओच्या प्रमुख मिसेस लॉरींना मीच सांगितलं, आणि त्यांनी ती साफ करायचं ठरवलं. मी अजून प्रोबेशनवर आहे. काय करू?

माया आहे तशीच असू दे.
तुझी सुप्रभा

स्टॅनमोर, १३ मार्च

चि. सुप्रभास अनेक आशीर्वाद.

अगं, शाळेच्या आधी तुला कागदावर फळं काढायला मीच शिकवलं, आणि तीही देवापुढे ठेवायची म्हणून धुऊन पुसलेली. तुला तो थर दिसणार कुठून? न धुतलेलं द्राक्ष ताटात आलं असतं तर तुझ्या आजीने आधी मला धुतलं असतं! तुझे बाबा म्हणतात, गप्प राहा, नोकरी टिकव. त्यांच्या हॉस्पिटलात कन्सल्टंटला, म्हणजे वरच्या डॉक्टरला, कुणी असं सांगत नाही. मी म्हणते, नीट खात्री कर. एकदा झाली की मात्र मला विचारत बसू नकोस. वेळेवर जेव.

लोभ आहेच, तो वाढवत राहा.
वैजूआत्या

एडिनबरा, १६ मार्च

ती. वैजूआत्यास शि. सा. न.

भिंगाखाली पाहिलं. जुन्या रंगाला पडलेल्या बारीक भेगा त्या पांढुरक्या थरालाही चिरत जातात. धूळ असती तर भेगांत साठली असती. थर रंगाइतकाच जुना आहे, आणि इतका तलम, की ब्रश कधी टेकला, कधी उचलला, कळत नाही. शेजारच्या पीचवरची लव पाहून हात आपोआप पुढे गेला. मीच दचकून मागे घेतला. कापसाचा एक बोळा फिरला की हे सगळं जाईल, आणि पुन्हा कुणालाच आणता येणार नाही.

नोकरी गेली तर घरी, स्टॅनमोरला येईन, बाबांना आधीच सांगून ठेव. तुझा आशीर्वाद पाठीशी असू दे. मिसेस लॉरी ग्लासगोला गेल्या आहेत. त्या परत आल्या की, कापूस हातात घ्यायच्या आत, मी त्यांना सांगणार आहे: सोमवारी, १९ मार्चला.

तुझी सुप्रभा