मगाच्या बुडाखालची खूण

बाबा, ती खूण मी काढली होती. त्या हिरव्या टिकी मगाच्या, म्हणजे देवाच्या तोंडाच्या आकाराच्या त्या मगाच्या, बुडाखालची, जिच्यामागे तुमच्या शेवटच्या दोन वर्षांतले सगळे रविवार गेले, ती कुठल्या जपानी कुंभाराची वगैरे नाहीये. माझ्या गणिताच्या सरांचं टक्कल आहे ते. वर तीन केस, बाजूला दोन कान, खाली शर्टाची कॉलर. तुम्ही म्हणालात, लाटांवर उगवणारा सूर्य. बारा वर्षांचा होतो मी. सरांनी डिटेन्शन दिलं म्हणून डोकं फिरलं होतं, हातात कंपासचं टोक होतं आणि तुमच्या मगाच्या बुडाला ते चकचकीत ग्लेझ नव्हतं. कोरलं, काळं बूट पॉलिश चोळलं, पुसून टाकलं. तुम्ही संध्याकाळी ओळखाल, माझा कान पिळाल, मग आपण दोघं हसू, एवढाच प्लॅन होता. तुम्ही हसलातच नाही. भिंग आणलंत. मराठीत लिहितोय, कारण इंग्लिशमध्ये तुमच्याशी भांडायला मजा येत नाही. शुद्धलेखनाची अपेक्षा ठेवू नका. तशीही माझ्याकडून तुम्ही कसली ठेवली नव्हतीत.

इथे लंडनच्या टोकाला, क्रॉयडनला, ट्राम नुकती सुरू झाली होती तेव्हा. बाकीच्यांचे बाबा रविवारी मुलांना फुटबॉलला न्यायचे, तुम्ही मला चिखलातल्या कार बूट सेलला न्यायचात. लोकांनी डिकीतून काढून मांडलेल्या भंगारात तुम्ही ते दात विचकणारे चिनीमातीचे मग शोधायचात आणि मी पिशवी धरून उभा. किचनच्या खिडकीत एकवीस मग झाले. आई म्हणायची, "अहो, ही भुतं तरी माझ्या सिंकसमोर नका ना ठेवू." हळदीकुंकवाच्या दिवशी ती सगळ्यांवर टी टॉवेल टाकायची. एकदा एक टॉवेल घसरला आणि ईलिंगहून आलेल्या मावशींनी त्या हिरव्या मगाला म्हसोबा समजून हळदकुंकू वाहिलं, वर नमस्कारही केला. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही मात्र टाळ्या पिटताय. "अगं, हाच तर मुद्दा आहे! नाक पॅसिफिकमधल्या एका बेटावरच्या देवाचं, दात दुसऱ्या बेटावरच्या देवाचे. अमेरिकन बारवाल्याने दोन्ही जोडून दारूचं भांडं केलं, जपानमध्ये साचा निघाला, आपल्या इथल्या समुद्रकाठच्या पबात विकला गेला, आणि क्रॉयडनला येऊन परत देव झाला!" मावशी म्हणाल्या, "म्हणजे यातून दारू पितात?" आणि हात धुवायला गेल्या. तो दिवस मला आवडतो. त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बघून हसला होतात. म्हणून बाकीच्या दिवसांचा जास्त राग येतो.

आता तो दिवस सांगतो, ज्याच्यासाठी हे लिहायला बसलोय. शाळेतून लेटर आलं होतं. मी फायर अलार्म वाजवला होता, आणि वाजवला होता म्हणजे वाजवला होता, नाही म्हणत नाही. तुम्ही टेबलावर मग उलटा करून त्या खुणेचं चित्र काढत होतात. लेटर वाचलंत, ओरडला नाहीत. मला जवळ बोलावलंत, भिंग माझ्या डोळ्यापुढे धरलंत. "हे बघ. ज्याने कोणी हे काढलंय ना, त्याचा हात बघ. एका रेघेत! कुठे अडखळला नाही. कारखान्यात दिवसाला शेकडो मग करणारा साधा माणूस, पण हात कसला! आणि तू? तुझ्या हातून आजवर एक गोष्ट धड झाली आहे का रे?"

काय बोलणार होतो मी? "बाबा, झाली आहे, तुमच्या हातात आहे"? तोंडापर्यंत आलं होतं. पण तोवर तुम्ही त्या खुणेवर अकरा पानं लिहिली होती, लायब्ररीतून पुस्तकं मागवली होती, कुठल्या कुठल्या म्युझियमना लेटर्स पाठवली होती. सांगितलं असतं तर तुम्ही गाढव ठरला असता. म्हणून गप्प बसलो, आणि गाढव मी ठरलो. तुम्ही मला त्या माणसासारखा हो म्हणालात, बाबा. तो माणूस मीच होतो! इतकं बारीक बघणाऱ्या माणसाला समोरचा पोरगा दिसू नये? मग तुम्ही सरळ मरूनच गेलात. ऑफिसात, हार्ट अटॅक, मंगळवारी. त्यावर मी ओरडणार कुणावर?

मागच्या महिन्यात मेडनहेडहून एका म्हाताऱ्या साहेबाचा फोन आला. टिकीच्या जुन्या वस्तू जमवणाऱ्यांचा त्यांचा छोटा क्लब आहे. तुम्ही पाठवलेला त्या खुणेवरचा लेख त्यांच्याकडे सात वर्षं पडून होता, म्हणे. आता पुस्तिका काढतायत, लेख तुमच्या नावाने छापायचाय. आईने फोन स्पीकरवर ठेवला होता. ती खुर्चीत बसली, पदर नव्हता तरी डोळ्यांशी हात नेला. मग साहेब म्हणाले, एकच अडचण आहे, एका मगावरून काही सिद्ध होत नाही. तीच खूण असलेला दुसरा मग तुमच्या घरात आहे का? नसेल तर लेख वगळावा लागेल. आई माझ्याकडे बघतेय. मी म्हणालो, बघून सांगतो.

खरं सांगितलं असतं तर माझा हात माझा झाला असता, आणि तुम्ही मेडनहेडमधला जोक. तीन आठवडे तुम्हाला शिव्या घालत फिरलो. मग परवाच्या रविवारी त्याच चिखलात गेलो आणि एक तपकिरी मग घेऊन आलो. किचनमध्ये बसलो होतो तर आई आली.

"बूट पॉलिश कशाला रे?"

"शूजना."

"तुझे तर ट्रेनर्स आहेत."

ती चहा टाकायला वळली. काल मग पार्सल केला.

हे पत्र कुठे पाठवणार, पाठवायला पत्ता नाही. पण एक कबूल करतो. या वेळी ते टक्कल एका रेघेत जमलं नाही. आधी आईच्या दोन जुन्या कुंड्यांच्या बुडावर गिरवून बघितलं, तरी कानापाशी हात अडखळला. भिंगाने बघितलं की कळतं. साहेबांकडे भिंग असेलच. बाबा, प्लीज, तुम्हाला कळलं तरी कोणाला सांगू नका. प्लीज. पुस्तिका छापून येईपर्यंत तरी.