अर्धी टाकी आणि मेहुण्याचं नरसाळं

ज्या वकीलसाहेबांची गाडी फाटकातच खोकते, ज्यांनी चार वर्षांत पेट्रोलचा फिल्टर बदललेला नाही, त्यांनी काल मला विचारलं, "तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?" हा अपमान गिळून मी, व्यवसायाने गाड्यांचा मिस्त्री, वय वर्षे चोपन्न, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. येत्या सोमवारी माझ्या हृदयाच्या तुंबलेल्या नळ्यांची शस्त्रक्रिया आहे. लोकांच्या नळ्या साफ करण्यात जन्म गेला. स्वतःच्या राहून गेल्या.

१. घर, बँकेतली ठेव आणि गॅरेज लेकीला. पाने, जॅक तिने खुशाल विकावेत, पण शेजारच्या टायरवाल्याला नाही. माझी हवेची नळी तो नऊ वर्षं ‘शोधतोय’.

२. तिच्या आईची गाडीही लेकीलाच. तिने मागितली होती. "बाबा, नुसती उभी का ठेवलीय?" मी म्हणालो, "राहू दे." कारण सांगितलं नाही, ते इथे लिहितो. शेवटचं दवाखान्यात जाताना हिने, म्हणजे माझ्या बायकोने, वाटेत अर्धी टाकी भरायला लावली. म्हणाली, "उरलेली परत येताना भरू." परत मी एकटाच आलो. ते पेट्रोल मला जाळवेना.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा पितं, अर्धी टाकी महिनोन्‌महिने ठेवू नका, असं मी गिऱ्हाइकांवर ओरडतो. घरी चौदा महिने ठेवलं.

३. गाडी खराब होऊ नये म्हणून माझा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ, ताजं पेट्रोल आणि नरसाळं घेऊन आला. आधी चालू करून बघू म्हणाला. दोन आचके देऊन गाडी बंद पडली. "बहिणीची शेवटची वस्तू मारलीस!" असं मी भर रस्त्यात बोललो. नरसाळं तिथेच ठेवून तो गेला. दोन वर्षं बोलणं नाही.

आठवड्याने मी टाकी उपसली. काचेच्या बरणीत वर पेट्रोल, खाली पाण्याचा थर. पंप तळातून ओढतो. तो केव्हाच गंजला होता. मेहुण्याने किल्ली फिरवायच्या कितीतरी आधी गाडी मेली होती. मारणारा मी. तोंडाने जमलं नाही, म्हणून लेखी कबूल करतो.

४. लेकीस: टाकी धुतली आहे. पंप, फिल्टर, रबरी नळ्या नव्या आहेत. टाकी भरलेली ठेव, दर आठवड्याला लांब फिरवून आण. आठवण म्हणून उभी करू नकोस. बरणी गॅरेजच्या वरच्या फळीवर आहे. मला ती ओतवली नाही. तेवढी तू ओत.

५. ~~नरसाळं मेहुण्याला.~~ खोडलं आहे. वकील म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये. आणि साक्षीला मला तोच हवा होता. म्हणून आज सकाळी त्याच्या दारात जाऊन नरसाळं हातात दिलं आणि कलम तीन वाचून दाखवलं. त्याने नरसाळं उजेडात धरलं.

"धुतलंत का, भाऊजी?"

"दोनदा."

"थांबा, चप्पल घालतो."

स्थळ: वकिलांची कचेरी. दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा शुक्रवार.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार १: मेहुणा (सही)
साक्षीदार २: वकिलांचा कारकून (सही)

साक्षीदार १ च्या हस्ताक्षरात: नरसाळं मिळालं. सोमवारी गाडी मी चालवणार. टाकी जातानाच पूर्ण भरू.